प्रेरणा पुरे, मैदानावरचा तास द्या

प्रति,
आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका,
व्यवस्थापकीय संचालक, सिडको,
जिल्हा क्रीडा अधिकारी, ठाणे,
आणि नवी मुंबईतल्या सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक



नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर पावणेचार वर्षांत महिलांच्या आणि मुलींच्या तीन मोठ्या स्पर्धांचे अंतिम सामने झाले. ६ फेब्रुवारी २०२२ ला आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेत चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकात स्पेनने कोलंबियावर १-० अशी मात केली. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला होता. निकाल लागेपर्यंत मध्यरात्र झाली, तरी स्टेडियममधून कुणी हललं नाही. असं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं, आणि त्याचा अभिमान मलाही आहे.

आता एक करा. त्या स्टेडियमपासून चालत जाता येईल अशा कुठल्याही मैदानावर एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता जा आणि तेरा ते सतरा वयाच्या खेळणाऱ्या मुली मोजा. कडेच्या ट्रॅकवर आईबरोबर फेऱ्या मारणाऱ्या मोजायच्या नाहीत, बाकावर मोबाईल बघत बसलेल्याही नाहीत. फक्त खेळणाऱ्या. मी मोजत असते. मोजायला दोन हात लागत नाहीत.

मी या शहरातल्या माध्यमिक शाळांत पी.टी. शिकवली. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची मर्जी राखायची नाही. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे विश्वचषकानंतर तुमच्याकडून जे ऐकू आलं ते: ‘मुलींना प्रेरणा द्यायला हवी.’ मग होर्डिंग लागले, सत्कार झाले, ८ मार्चच्या दौडीचे गुलाबी टी-शर्ट आले, शाळाशाळांत ‘तुम्हीही स्मृती मानधना व्हा’ अशी भाषणं झाली. माझं म्हणणं सरळ आहे. मुलींकडे प्रेरणा कमी नाही. ती तुमच्या वेळापत्रकात, तुमच्या मैदानांवर आणि तुमच्या निवड चाचण्यांमध्ये मारली जाते, आणि वर्षअखेरीच्या अहवालात तुम्ही लिहिता, ‘मुलींचा प्रतिसाद अल्प.’

पाचवीतल्या मुलींना कधी पी.टी.च्या तासाला सोडून पाहिलंय? घंटा व्हायच्या आधीच त्या जिन्यात असतात. सहावीतही तेच. आठवीच्या जूनमध्ये मात्र निम्म्या वर्गाच्या हातात चिठ्ठी येते. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय, आईने सांगितलंय उन्हात जाऊ नको, काळी पडशील. दोन वर्षांत एवढ्या मुलींची आवड एकदम आटली, असं मानायचं? त्याच मुली गॅदरिंगच्या नाचाला चार-चार तास घाम गाळतात. तिथे पोट दुखत नाही.

हा प्रश्न एकट्या नवी मुंबईचा नाही, हे मान्य. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’च्या बाल व किशोर आरोग्याच्या नियतकालिकात १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींची माहिती छापली. रोज तासभर दम लागेल अशी हालचाल, हे त्यांचं माप. २०१६ मध्ये शंभरांतले ७८ मुलगे या मापाला पुरे पडत नव्हते आणि ८५ मुली. पण त्याहून बोलका आकडा काळाचा आहे. २००१ पासूनच्या पंधरा वर्षांत मुलग्यांचं प्रमाण ८० वरून ७८ वर आलं, मुलींचं ८५ होतं ते ८५ च राहिलं. जगभर एवढ्या मोहिमा झाल्या, एवढ्या नायिका झाल्या, आणि मुलींचा आकडा जागचा हलला नाही.

त्याच अभ्यासात भारतासाठी वरवर चांगली बातमी होती. कमी हालचालीचं प्रमाण आपल्या मुलींत इतर बऱ्याच देशांपेक्षा कमी निघालं. संशोधकांनी त्याचं संभाव्य कारणही दिलं: घरकाम. मुलग्यांचा आकडा बरा असण्यामागे क्रिकेट असावं आणि मुलींचा बरा असण्यामागे धुणीभांडी. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, दिघा या पट्ट्यातल्या मुली मी शिकवल्या आहेत, म्हणून मला याचं आश्चर्य वाटलं नाही. सकाळी पाण्याचे हंडे, संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळणं, आई कामावरून येईपर्यंत भाकऱ्या. या मुलींच्या अंगात ताकद असते, दम असतो, कबड्डीच्या पकडीला तर वाशीच्या मुलींना त्या जागच्या हलू देत नाहीत. पण दिवसभरातला एक तासही त्यांचा स्वतःचा नसतो. उलट पाम बीचच्या इमारतींतल्या मुलीला बॅडमिंटनची अकादमी परवडते, पण नववीत पाऊल ठेवताच जेईई-नीटचा क्लास तिचा तास घेऊन जातो. एकीचा तास घर नेतं, दुसरीचा क्लास. दोघींनाही ‘प्रेरणादायी व्याख्यान’ ऐकवून काय मिळणार?

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच विषयावर आयुष्य घालवलं. माणूस एखादी गोष्ट आपण होऊन, पुन्हा पुन्हा का करतो? त्यांच्या मते त्यासाठी तीन गोष्टी लागतात. हे मी माझ्या मर्जीने करतेय, हे मला हळूहळू जमतंय, आणि इथे माझी माणसं आहेत, असं वाटावं लागतं. या तिन्ही गोष्टी भाषणातून येत नाहीत. त्या जागेत असाव्या लागतात. आपल्या शाळांमध्ये त्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं सांगते.

मर्जीपासून सुरुवात करू. पी.टी.च्या तासाला मुलग्यांना फुटबॉल मिळतो, मुलींना रिंग. का, असं विचारलं तर उत्तर असतं, ‘त्यांना तेच आवडतं.’ मुलींना विचारलेलं कुणीच नसतं. डिसेंबर उजाडला की त्यांचे सगळे तास २६ जानेवारीच्या लेझीमला जातात, कारण पाहुण्यांना लेझीम आवडते. लेझीम मलाही आवडते. पण प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतासाठी दोन महिने उन्हात उभं केलेल्या मुलीला मैदान म्हणजे हुकमाची जागा वाटली, तर दोष तिचा नाही. फेब्रुवारीत तर मुलगे-मुली सगळ्यांचाच तास गणिताच्या मास्तरांना दान केला जातो. त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

दुसरी गोष्ट जमण्याची. इथे मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक मुली इथेच गळतात आणि त्याला ‘गुणवत्ता’ असं भारदस्त नाव आहे. तेरा वर्षांच्या मुलग्याने गल्लीत निदान सहा-सात वर्षं बॉल फेकलेला असतो. त्याच वयाच्या मुलीच्या हातात बॉल बहुधा शाळेतच पहिल्यांदा येतो. तिचा थ्रो कोपरातून वेडावाकडा जातो, सगळे हसतात, आणि ‘मुलींना जमत नाही’ हा निकाल सात मिनिटांत लागतो. सहा-सात वर्षांचा सराव कुणाच्या हिशेबात नसतो. त्यानंतर येते ट्रायल. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. कबड्डीच्या संघात बारा जणी, त्यातल्या सात मॅटवर. शाळेत मुली सहाशे. बारा निवडल्या की उरलेल्यांचं खेळवर्ष ऑगस्टमध्येच संपतं. त्यांच्यासाठी ब संघ नाही, वर्गावर्गांतल्या मॅची नाहीत, पुढच्या शनिवारी परत यायचं कारणही नाही. निवडलेल्या संघांपैकीही निम्मे पहिल्याच फेरीत हरून घरी येतात, कारण आमच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या: एक मॅच हरलात की सामान आवरा. एका मॅचसाठी महिनाभर सराव करायचा आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत गप्प बसायचं, ही व्यवस्था कुठल्या मुलीला ‘आपल्याला जमतंय’ असं वाटू देईल?

खेळाडूंना दहावीला मिळणाऱ्या ग्रेस मार्कांचा विषयही इथेच येतो. त्यावर माझं मत एकदम काळं किंवा पांढरं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. ते त्यांना मिळालंही. पण काही दिवसांनी मोकळ्या वेळेत रंगांचे पेन समोर ठेवले तेव्हा ज्यांच्याकडे बक्षिसाचा विषयच काढला नव्हता त्या मुलांच्या निम्माच वेळ या मुलांनी त्यावर घालवला. आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर हेच होतं. मार्क पदरात पडले की बूट माळ्यावर जातात. तरीही ग्रेस मार्क बंद करा असं मी म्हणणार नाही. कारण ते मार्क मुलीसाठी नसतातच, ते तिच्या वडिलांसाठी असतात. ‘जिल्ह्याला खेळली तर फायदा होतो’ या एका वाक्यावर मी कितीतरी संमतिपत्रांवर सह्या मिळवल्या आहेत. मार्कांनी दार उघडतं, एवढं खरं. आत गेल्यावर तिला काही मिळालं पाहिजे, ते काम मार्कांचं नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. या वयाच्या मुली जोडीने येतात आणि जोडीने जातात. एकीचा क्लास साडेपाचचा झाला की दुसरी खेळ सोडते. हे ज्याला बालिशपणा वाटतो त्याने संघ बांधू नये. माझ्या अनुभवात चांगली खेळाडू परत आणायची असेल तर तिच्या न खेळणाऱ्या मैत्रिणीला संघात घ्यावं लागतं, गुण लिहायला का होईना.

आता शरीराबद्दल. हे सरकारी पत्रात लिहीत नाहीत, म्हणून इथे लिहिते. अनेक शाळांत पी.टी.चा गणवेश पांढराशुभ्र असतो. पाळी नुकती सुरू झालेल्या, तारीख अजून बसलेली नसलेल्या मुलीला पांढरे कपडे घालून उड्या मारायला सांगणं म्हणजे तिला घरी बसायला सांगणं. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांचा हट्ट शतकभर धरून बसलेल्या स्पर्धेनेही २०२३ पासून खेळाडूंना आत गडद रंगाच्या शॉर्ट्स घालायची मुभा दिली. आमच्या शाळांना काय अडचण आहे? गडद निळी ट्रॅक पँट सगळ्यांना. एक पैसा खर्च नाही, मुख्याध्यापकांची एक सूचना पुरते. आणखी एक. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठाने २०१६ मध्ये ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलींची पाहणी छापली. त्यातल्या जवळपास निम्म्या मुलींनी सांगितलं की छातीच्या अडचणीमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो. आपल्याकडे हे कुणी विचारतही नाही. धावताना मुली हाताची घडी का घालतात, हे पुरुष क्रीडा शिक्षकाला कळत नाही आणि कळलं तरी त्याला बोलता येत नाही. स्पोर्ट्स ब्रा नावाची वस्तू असते, ती कुठे मिळते, ती घालणं म्हणजे फॅशन नव्हे, हे आठवीच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना एका तासात सांगता येतं. मी सांगत असे. पहिल्या वर्षी दोन पालकांनी तक्रार केली, पुढे आयाच मला येऊन विचारू लागल्या.

बाई शिक्षक हवी ती याचसाठी. आणि बाहेरगावच्या मॅचला पाठवताना प्रत्येक आई पहिला प्रश्न विचारते, ‘मॅडम सोबत आहेत ना?’ ऑलिंपिक पदक मिळवलेली साक्षी मलिक आणि तिच्यासोबतच्या कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या, ते इथल्या घराघरांत टीव्हीवर दिसलं आहे. त्यानंतर एखाद्या बापाने ‘नको’ म्हटलं तर त्याला मागासलेला म्हणून चालणार नाही. तक्रार कुणाकडे करायची, त्या बाईचं नाव आणि नंबर मैदानाच्या फाटकावर लावा, म्हणजे निम्मे बाप सही करतील.

मैदानांविषयी बोलायचं तर आयुक्त साहेब आणि सिडकोचे साहेब, इथून पुढचं मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात नगरपालिकेच्या लक्षात आलं की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमधून दिसेनाशा होतात. मुलगे मात्र येतच राहतात. त्यांनी मुलींना भाषणं दिली नाहीत. बागा पाहिल्या. मधे एक मोठं जाळीबंद मैदान, त्याला एकच फाटक, आणि त्या फाटकात मोठी मुलं उभी. जागेसाठी भांडावं लागलं की मुली हरत आणि निघून जात. मग १९९९ च्या सुमारास दोन बागांची मांडणी बदलली. मोठ्या जागेचे लहान भाग केले, येण्याजाण्याच्या वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या.

आपल्या मैदानांवर संध्याकाळी काय दिसतं? एकाच मैदानावर क्रिकेटच्या चार-पाच मॅची एकमेकांत गुंतलेल्या, एकाचा लाँगऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये. मला ते दृश्य फार आवडतं, या शहराचं ते खरं संगीत आहे. पण त्यात चौदा वर्षांच्या दहा मुली खो-खोचे खांब घेऊन आल्या तर उभ्या कुठे राहतील? कुणी त्यांना हाकलत नाही. टेनिस बॉल दोनदा डोक्याजवळून गेला की त्या आपणच जातात. मैदानाला लागून असलेल्या शौचालयाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. मुलगे भिंत शोधतात. मुली घर गाठतात. आणि आता जागोजागी झालेले टर्फ. ताशी भाडं वर्गणीने भरायचं असतं, आणि घरातून मुलग्याला त्यासाठी पैसे जितक्या सहज मिळतात तितके मुलीला मिळाल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

सिडकोने शाळांना भूखंडांबरोबर मैदानंही दिली आणि शाळेची वेळ संपल्यावर ती परिसरातल्या मुलांना खुली ठेवायची अट घातली. ही अट कागदावर आहे आणि फाटकाला साखळी आहे. शाळा म्हणतात, देखरेख कोण करणार, काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर साखळी नव्हे. एका मैदानामागे महापालिकेने एक प्रशिक्षिका आणि एक मदतनीस दिली तर शाळेच्या भिंतीआतलं मैदान हे मुलींसाठी शहरातलं सगळ्यात सोयीचं मैदान आहे. घराजवळ, ओळखीचं, शौचालयासह.

आणि घणसोली. हे प्रकरण तुम्हाला आठवून द्यायची गरज नसावी, तरी देते. २००३ मध्ये घणसोलीतली सुमारे २० एकर जागा शासकीय क्रीडा संकुलासाठी ठरली. संकुल झालं नाही. २०१६ मध्ये त्यातली काही जमीन सिडकोने खासगी विकासकाला दिली. २०२१ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या नाणोरे इथे करू. अंतर सुमारे ११५ किलोमीटर. वास्तुविशारदांच्या संस्थेचं नवी मुंबई केंद्र कोर्टात गेलं, जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. ज्या वास्तुविशारदांनी ही लढाई लढली त्यांचे आभार मानायला हवेत, क्रीडा संघटनांनी ती लढली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

पण मला या प्रकरणातला वेगळा हिशेब दाखवायचाय. २००३ मध्ये घणसोलीत जन्मलेली मुलगी २०२१ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिचं सगळं खेळायचं वय एका रिकाम्या भूखंडाशेजारी गेलं, आणि ती सज्ञान झाली त्या वर्षी ठरलं की संकुल माणगावला होईल. तेरा वर्षांच्या मुलीचं जग किती मोठं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? शाळा सुटल्यावर निघून दिवेलागणीच्या आत परत येता येईल एवढं. घणसोलीच्या मुलीला ते कोपरखैरणेपर्यंत, फार तर वाशीपर्यंत पोचतं. मुलगा ट्रेन पकडून पनवेललाही जाईल, रात्री नऊला येईल, घरात कुणी विचारणार नाही. म्हणून खेळाची जागा घरापासून जितकी दूर जाते तितकी ती मुलग्यांची होत जाते. नकाशावर ११५ किलोमीटर लिहिताना यात मुलींचा काही संबंध आहे असं कुणाच्या मनातही आलं नसेल. न येणं हीच अडचण आहे.

मला कल्पना आहे, तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल की ज्यांच्यात जिद्द असते त्या कुठूनही वर येतात. उदाहरण म्हणून शफाली वर्मा. त्या २ नोव्हेंबरला नेरुळमध्ये ८७ धावा करून दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली ती. तिची गोष्ट पूर्ण सांगा की मग. रोहतकमध्ये मुलींना घ्यायला क्रिकेट अकादमी तयार होईना, म्हणून वडिलांनी तिचे केस कापले आणि ती मुलगा म्हणून खेळली. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याच्या जागी जाऊन स्पर्धाही खेळली. त्याच संघातल्या, भांडुपमध्ये जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जचे वडील तिच्या शाळेत प्रशिक्षक होते, त्यांनीच तिथे मुलींचा संघ उभा केला. म्हणजे एकीला मुलगा व्हावं लागलं आणि दुसरीला वडीलच प्रशिक्षक मिळाले. नेरुळच्या किती मुलींच्या नशिबी असे वडील असतील? ज्यांच्या नसतील त्यांच्यासाठीच तर महापालिका असते.

आणि जिथे बदल झाला तिथे तो कसा झाला तेही पाहा. अमेरिकेत १९७२ मध्ये शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करणाऱ्या संस्थांचा सरकारी पैसा थांबवणारा कायदा आला. त्यापूर्वी तिथल्या माध्यमिक शाळांत तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या, आज तीस लाखांहून जास्त खेळतात. मुलींची मनं आधी बदलली आणि मग मैदानं मिळाली असं झालं नाही. मैदान, संघ, प्रशिक्षक आणि पैसा मिळाला, मुली आल्या.

तेव्हा मागणं असं आहे. महापालिकेच्या प्रत्येक मोठ्या मैदानावर आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी साडेपाच ते सात, मैदानाचा ठराविक भाग दहा ते सतरा वयाच्या मुलींसाठी राखून ठेवा. चुन्याने आखा, कोपरा नको, फाटकाजवळचा आणि दिव्याखालचा भाग द्या. मुलग्यांवर अन्याय होईल म्हणणाऱ्यांना सांगा की आठवड्यातले उरलेले तास त्यांचेच आहेत. पहिले दोन महिने कुणी येणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. दोन महिन्यांनी ‘प्रतिसाद अल्प’ लिहून तो तास परत क्रिकेटला देऊ नका. वर्षभर थांबा. गावठाणांत कबड्डीची जुनी मंडळं आहेत, दिवाळे-करावे-सारसोळेपासून गोठिवलीपर्यंत. त्यांना मॅट देताना एक अट घाला: मुलींचा संघ चालवा, फक्त प्रदर्शनी सामन्यापुरता नको, बारा महिने.

क्रीडा अधिकारी साहेब, १४ वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धा तरी बाद पद्धतीने घेऊ नका. साखळी सामने घ्या, प्रत्येक संघाला निदान चार मॅची मिळू द्या, आणि ब संघांची वेगळी साखळी ठेवा. पंच आणि मैदानाचा खर्च वाढेल, सत्कारांचा कमी करा. मुख्याध्यापकांनो, पांढरा गणवेश या जूनपासून बंद करा आणि आठवीच्या मुलींना वर्षाच्या सुरुवातीला विचारा की काय खेळायचंय. उत्तर फुटबॉल आलं तर फुटबॉल द्या.

सिडकोला दोनच गोष्टी. शाळांना दिलेल्या मैदानांची यादी, त्या अटींसह, मराठीत, प्रत्येक नोडच्या कार्यालयाबाहेर लावा. आणि घणसोलीच्या त्या २० एकरांवर कामाला कधी सुरुवात होणार ती तारीख सांगा. उत्तर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असं येणार असेल तर कागद वाया घालवू नका, तसली पत्रं माझ्याकडे एक फाईलभर आहेत.

कळावे,

आपली,
एक निवृत्त क्रीडा शिक्षिका,
कोपरखैरणे